न्यायाचें दफ्तर आणि आपलें घर

सोयरीक जुळविण्यापूर्वीं पत्रिका पाहावी, कुळगोत्र विचारावें, मुलाचें शिक्षण व प्राप्ति यांची चौकशी करावी, ही आपल्याकडील चाल जुनीच आहे. अलीकडे तींत एका नव्या कलमाची भर पडली आहे. घरांतील एखादा चुणचुणीत भाचा मोबाइल उघडून बसतो, न्यायालयांच्या संकेतस्थळावर मुलाच्या बापाचें नांव घालतो, आणि घटकाभरांत त्या घराण्याच्या कोर्टकचेऱ्यांची यादी बैठकींत हजर होते. आमच्या एका वाचकभगिनींनीं याविषयींच आम्हांस विस्तारानें लिहिलें आहे. त्यांच्या पुतणीस एक स्थळ आलें; मुलगा, घर, माणसें, सर्व पसंत पडलें; आणि मग वरील रीतीनें शोध घेतां मुलाच्या वडिलांच्या नांवावर एक फौजदारी खटला निघाला. वडीलधाऱ्यांनीं तत्काळ नकार कळवावयाचें ठरविलें. बाईंचें म्हणणें असें कीं, खटला कशाचा होता व त्याचा शेवट काय झाला, हें घरांत कोणीं वाचलेंच नाहीं. असलीं दफ्तरें सर्वांस उघडीं असावीं कीं नसावीं, असा त्यांचा आम्हांस प्रश्न आहे. 'होय' किंवा 'नाहीं' अशा एका शब्दांत त्याचें उत्तर देतां येण्यासारखें नाहीं. म्हणून या महिन्याचीं आमचीं पानें त्यासच दिलीं आहेत.

मुळांत निकाल ही मालमत्ता कोणाची? जिंकणाऱ्याची, हरणाऱ्याची, न्यायाधीशाची, कीं सर्वांची? आपल्या धर्मशास्त्रकारांनीं व्यवहाराचे चार पाद सांगितले आहेत: वादीची भाषा, प्रतिवादीचें उत्तर, क्रिया म्हणजे पुरावा, आणि चौथा निर्णय. निर्णय झाल्यावर जिंकणाऱ्या पक्षास जयपत्र देण्यांत येई. त्यांत 'अमुक जिंकला' एवढेंच लिहून भागत नसे. दोन्ही पक्षांचें म्हणणें, पुरावा व निर्णय यांचा सारांश त्यांत आलाच पाहिजे, असा स्मृतिकारांचा कटाक्ष आहे. पुढें मराठेशाहींत गोतसभा बसे, आणि निवाड्याच्या महजरावर हजर असणाऱ्यांच्या साक्षी पडत. ज्यास अक्षरओळख नसे तो आपल्या धंद्याची निशाणी करी: कुणब्याचा नांगर, वाण्याचा तराजू. असे शेंकडों महजर आपल्या इतिहाससंशोधकांनीं उजेडांत आणले, आणि विठ्ठल त्र्यंबक गुणे यांचा मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील इंग्रजी ग्रंथ १९५३ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजानें प्रसिद्ध केला. त्या नांगर-तराजूंकडे पाहिलें म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. निवाडा चार लोकांदेखत झाला, हाच त्याच्या बळकटीचा मोठा भाग होता. 'न्यायाचा उघडेपणा' ही विलायतेहून आलेली नवी कल्पना आहे असें जे समजतात, त्यांनीं हे जुने कागद एकदां पाहावे.

इंग्रजी अमलांत यास छापखान्याची जोड मिळाली. १८७५ सालीं कायदा होऊन १८७६ पासून कलकत्ता, मुंबई, मद्रास व अलाहाबाद या चार उच्च न्यायालयांचे निवडक निकाल 'इंडियन लॉ रिपोर्ट्स' या नांवानें अधिकृतपणें छापले जाऊं लागले. त्यांतील मुंबईच्या नवव्या आणि दहाव्या खंडांत आपल्या समाजास हालवून सोडणारें एक प्रकरण आहे. दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई. अकराव्या वर्षीं लग्न झालेल्या रखमाबाईनें पुढें नांदावयास जाण्याचें नाकारलें. पतीनें १८८४ सालीं दावा लाविला. १८८५ च्या सप्टेंबरांत न्या. पिन्हे यांनीं तो काढून टाकला. १८८६ त अपिलांत तो निकाल फिरला. आणि १८८७ च्या मार्चांत न्या. फॅरन यांनीं 'पतीकडे जा, नाहीं तर सहा महिने कैद भोग' असा हुकूम दिला. रखमाबाईनें कैद पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर १८८८ त दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. ती पुढें विलायतेस वैद्यकी शिकून आली आणि सुरत व राजकोट येथें तिनें डॉक्टरीण म्हणून अनेक वर्षें सेवा केली. 'केसरी'नें तिच्या विरुद्ध लिहिलें, सुधारकांनीं तिच्या बाजूनें लिहिलें. कोणाचें बरोबर होतें, याविषयीं आज आमच्या वाचकांत दुमत असेल असें वाटत नाहीं. परंतु आम्हांस येथें एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, हा वाद होऊं शकला तो निकाल कारणांसह छापला गेल्यामुळें. पिन्हेसाहेबांनीं काय म्हटलें आणि अपिलांत काय म्हटलें, हें समोरासमोर ठेवून लोकांस भांडतां आलें. १८९१ चा संमतिवयाचा कायदा याच वादांच्या धुरळ्यांतून पुढें आला. निकाल नुसता तोंडी सुनावून दफ्तरांत बांधून ठेवला असता, तर रखमाबाईच्या घरापलीकडे त्याची वार्ता किती पोंचली असती?

स्वतंत्र भारताच्या घटनेंत १४५ व्या अनुच्छेदानें सांगितलें आहे कीं, सर्वोच्च न्यायालयानें आपला निकाल उघड्या न्यायालयांतच सांगितला पाहिजे. तथापि उघडेपणा कोठवर, हा प्रश्न लवकरच मुंबईंतच उभा राहिला. एका इंग्रजी साप्ताहिकाच्या संपादकावरील अब्रुनुकसानीच्या दाव्यांत एका व्यापाऱ्याची साक्ष व्हावयाची होती. माझी साक्ष वर्तमानपत्रांत छापून आल्यास माझ्या धंद्यास धक्का बसेल, असें त्यानें म्हटल्यावरून उच्च न्यायालयाचे न्या. तारकुंडे यांनीं ती प्रसिद्ध करूं नये असा तोंडी हुकूम दिला. नरेश श्रीधर मिरजकर या वार्ताहरानें व त्याच्या सोबत्यांनीं त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली. नऊ न्यायाधीशांपुढें सुनावणी होऊन १९६६ च्या मार्चच्या ३ तारखेस निकाल लागला. साताऱ्याच्या एका संस्कृत पंडिताच्या घरीं जन्मलेले प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर त्या वेळीं सरन्यायाधीश होते. त्यांनीं बहुमताच्या वतीनें लिहिलें तें थोडक्यांत असें: सुनावणी उघड असावी हा नियम खरा, पण उघडेपणा हा न्यायासाठीं आहे, ज्या विरळा प्रसंगीं उघडेपणानेंच न्यायास बाध येईल, त्या प्रसंगीं दार लोटून घेण्याचा अधिकार न्यायालयास असलाच पाहिजे. एकट्या न्या. हिदायतुल्ला यांनीं निराळें मत दिलें. आम्ही दोन्ही मतें वाचलीं आहेत. नियम गजेंद्रगडकरांचा आम्हांस पटतो. परंतु त्या व्यापाऱ्याच्या धंद्यापायीं तो लावावयास हवा होता काय, येथें आमचें मन हिदायतुल्लांकडे झुकतें.

आतां खर्चाची आणि भाषेची गोष्ट. उघडें म्हणून ठरविलेलें दफ्तर सामान्य माणसाच्या हातीं पडतें कोठें? वर्षानुवर्षें निकाल वाचावयाचे म्हणजे वकिलाच्या बैठकींतील जाडजूड खंड पाहावयाचे. नागपूरचें 'ऑल इंडिया रिपोर्टर' किंवा १९६९ पासून निघणारें 'सुप्रीम कोर्ट केसेस' यांच्या संचांची किंमत शाळामास्तराच्या पगारांतून सुटण्यासारखी नव्हे. यावरही एकदां वाद झाला, आणि तो चालला एका मराठी नांवानें: ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक. निकालांचा संग्रह करून विकणाऱ्या दोन पक्षांमधला हा तंटा. २००७ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, न्यायाधीशानें लिहिलेल्या निकालाच्या शब्दांवर कोणाही प्रकाशकाचा हक्क नाहीं. ते सर्वांचे आहेत. संपादकानें आपल्या बुद्धीनें काढलेला सारांश किंवा केलेली परिच्छेदांची मांडणी तेवढी त्याची. १९५७ च्या कॉपीराइटच्या कायद्यांत हें बीज होतेंच. पण बीजास पाणी घालणारा कोणी लागतो. त्यानंतर लवकरच, २००८ सालीं, 'इंडियन कानून' हें फुकट वाचतां येणारें संकेतस्थळ निघालें. सरकारी दरबारीं मात्र पाऊल सावकाश पडलें. २०२३ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें आपले सुमारें चौतीस हजार छापील निकाल सर्वांस विनामूल्य खुले केले, आणि त्याच महिन्यांत मराठीसह अनेक भाषांत कांहीं निकालांचे अनुवादही ठेवले.

हे अनुवाद आधीं यंत्राकडून करवितात आणि मग जाणत्या माणसांकडून तपासून घेतात. कल्पना स्तुत्य आहे, परंतु मराठीची दशा पाहून जुन्या मास्तराचा हात लाल पेन्सिलीकडे जातो. वाक्याचा कर्ता पहिल्या ओळींत, क्रियापद सातव्या ओळींत, आणि मधल्या पांच ओळींत 'ज्याने कीं ज्यामुळें' चा गुंता! इंग्रजी निकालाची मराठी करावयाची ती शब्दास शब्द लावून नव्हे. घटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदाप्रमाणें वरिष्ठ न्यायालयांची भाषा इंग्रजी आहे, म्हणून अनुवादास कायद्याचें बळ नाहीं, तो समजण्यापुरता. पण समजण्यापुरता तरी तो समजला पाहिजे कीं नको? महाराष्ट्रांत जिल्हा व तालुक्याच्या न्यायालयांची भाषा १९९८ च्या अधिसूचनेनें मराठी ठरली आहे. तेथील न्यायाधीशांनीं सोप्या मराठींत निकाल लिहिण्याचा परिपाठ अधिक वाढविला, तर अनुवादाची अर्धी उठाठेव वांचेल.

आतां वाचकभगिनींच्या प्रश्नाकडे वळूं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंत असें कलम आहे कीं, फौजदारी खटल्याचा निकाल शक्य तोंवर सात दिवसांच्या आंत न्यायालयाच्या संकेतस्थळावर ठेवावा. म्हणजे जिल्ह्याच्या गांवचा निकालही आतां घरबसल्या पाहतां येऊं लागला. आमच्या मतें हें योग्य आहे. ज्या निकालानें माणसास तुरुंगांत घालतां येतें, तो कोणीही वाचूं शकला पाहिजे. परंतु कायद्यानें कांहीं दारें मुद्दाम बंद ठेविलीं आहेत, हेंही घरांतील तरुणांस सांगून ठेवावें. बलात्कारपीडित स्त्रीचें नांव वा ओळख प्रसिद्ध करणें हा गुन्हा आहे. २०१८ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें तें बंधन अधिक कडक करून, मृत झालेल्या स्त्रीचेंही नांव नातलगांच्या नुसत्या संमतीनें उघड करतां येणार नाहीं, असें सांगितलें. हिंदु विवाह कायद्याच्या २२ व्या कलमाप्रमाणें घटस्फोटादि प्रकरणांची सुनावणी बंद दाराआड होते, आणि त्यांतील मजकूर छापण्यास मनाई आहे. वरिष्ठ न्यायालयांचे निकाल तेवढे, तेही न्यायालयाच्या परवानगीनें, छापतां येतात. तेव्हां दुसऱ्याच्या मुलीच्या घटस्फोटाचे कागद मिळवून ते नातलगांत फिरविणें हें नुसतें अशिष्ट नव्हे, बेकायदाही ठरूं शकतें.

राहिला निर्दोष सुटलेल्याचा प्रश्न, आणि तो खरा कठीण आहे. २०२१ सालीं दिल्ली उच्च न्यायालयापुढें असेच एक गृहस्थ आले. अमली पदार्थांच्या खटल्यांतून ते निर्दोष सुटले होते. पण त्यांचें नांव शोधणाऱ्यास पहिल्या झटक्यास खटलाच दिसे, आणि त्यामुळें त्यांस नोकरी मिळेना. न्यायालयानें तूर्त त्यांचा निकाल शोधयंत्रांतून दिसेनासा करावा असा हुकूम दिला. आम्हांस वाटतें, निकाल पुसूं नये, निकालांतील नांव शोधांत सांपडण्याची सोय तेवढी काढून घ्यावी. कायद्याचा अभ्यास करणाऱ्यास तत्त्व हवें असतें, नांव नको असतें. नांव हवें असतें तें सोयरीक पाहणाऱ्यास आणि नोकरी देणाऱ्यास, आणि नेमके तेच लोक निकाल वाचीत नाहींत. वाचकभगिनींनीं मात्र वाचला. त्या पत्रासोबत त्यांनीं तो आम्हांकडे धाडला आहे. शेताच्या बांधावरून चुलतभावांत बाचाबाची, त्यांतून परस्परांवर फिर्यादी, आणि साक्षीपुरावा होऊन सर्वांची निर्दोष सुटका. आठ पानांचा निकाल. शेवटचें पान आधीं पाहिलें असतें तर अर्ध्या मिनिटाचें काम होतें. शिवाय एकाच नांवाच्या चार व्यक्ति एका तालुक्यांत असूं शकतात, आणि यादींत फौजदारीपासून वांटणीच्या दाव्यापर्यंत सर्व कांहीं एका ओळींत येतें, हेंही विसरूं नये. तें स्थळ टिकलें कीं मोडलें, तें आम्हांस कळविण्यांत आलेलें नाहीं.

एका माणसाच्या नांवानें जी चूक होते, तीच सबंध प्रांताच्या आंकड्यांनीं होते. गुन्ह्यांचे वार्षिक आंकडे देशभरांतून एकत्र करून छापण्याची प्रथा १९५३ पासून आहे. १९८६ सालीं स्थापन झालेला राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग आतां तें काम करतो, आणि त्याचे खंड सर्वांस फुकट पाहतां येतात. वेळेची मात्र बेफिकिरी आहे: २०१७ चे आंकडे प्रसिद्ध झाले २०१९ च्या ऑक्टोबरांत. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट निराळी. आम्ही शिकवीत असतां वर्गांत एक शिक्षानोंदवही असे. एखाद्या वर्षीं नवा कडक मास्तर आला कीं नोंदी दुप्पट होत. मुलें त्या वर्षीं दुप्पट खोडकर झालीं, असें हेडमास्तर कधीं म्हणत नसत. ते मास्तराकडे पाहून हंसत. पोलिसांच्या नोंदींचेंही तसेंच आहे. २०१९ सालीं देशांत सुमारें ५१ लक्ष ५६ हजार दखलपात्र गुन्हे नोंदले गेले, आणि २०२० सालीं ते ६६ लक्षांवर गेले. म्हणजे शेंकडा २८ नीं वाढले! ज्या वर्षीं सगळा देश महिनोन्महिने दारें लावून घरांत बसला होता, त्या वर्षीं? उलगडा असा कीं, सरकारी हुकूम मोडल्याचे गुन्हे, जे आदल्या वर्षीं तीस हजारांच्या आंत होते, ते त्या वर्षीं सहा लक्षांवर गेले. टाळेबंदींत भाजीला बाहेर पडलेला गृहस्थही त्यांत आला. चोऱ्या उलट कमी झाल्या होत्या. शिवाय एका फिर्यादींत चार गुन्हे असले तर त्यांतील सर्वांत भारी तेवढाच मोजावयाचा, असा या खंडांचा नियम आहे. खून आणि दरोडा एकत्र घडले तर दरोडा या हिशेबांत नाहींसा होतो. हे नियम खंडाच्या आरंभीं छापलेले असतात. वर्तमानपत्राचा मथळा पाहून 'अमुक राज्य सर्वांत गुन्हेगार' असें जेवतांना बोलणाऱ्यानें तें एक पान वाचावें. ज्या राज्यांत फिर्याद निमूटपणें नोंदवून घेतात, तें राज्य या तक्त्यांत वाईटच दिसावयाचें.

मग खरा आंकडा कळावा कसा? त्यासाठीं इतर देशांत निराळी युक्ति काढली आहे. पोलिसांस न विचारतां थेट घरोघर जाऊन विचारावयाचें: गेल्या वर्षभरांत तुमच्याकडे चोरी झाली काय, मारहाण झाली काय, आणि झाली तर तुम्ही चौकीवर गेलांत काय? अमेरिकेंत अशी पाहणी १९७२ पासून चालू झाली व तेथें सुमारें दीड लक्ष कुटुंबांस विचारतात. इंग्लंडांत ती १९८२ पासून आहे. दोन्हीकडे एकच गोष्ट आढळली, कीं घडलेल्या गुन्ह्यांचा मोठा भाग चौकीपर्यंत पोंचतच नाहीं. विशेष असें कीं, माणसांचीं नांवें काढून टाकून ही सर्व माहिती अभ्यासकांस मोकळी ठेवितात. सरकारचें गणित कोणालाही पुनः मांडून पाहतां येतें. आपल्याकडे अशी प्रतिवर्षीं होणारी अखिल भारतीय पाहणी नाहीं. १९९२ व १९९६ सालीं आंतरराष्ट्रीय पाहणींत मुंबईचा समावेश झाला होता. २०१५ सालीं दिल्ली व मुंबई येथें एका खासगी संस्थेनें पाहणी केली. पण एखाददुसऱ्या वर्षाच्या मोजणीवरून नदी चढते कीं उतरते तें कळत नाहीं.

एक विषय मात्र असा आहे कीं ज्यांत आपल्याकडे पोलिसांची नोंद आणि घरोघरची पाहणी या दोन्ही समोरासमोर ठेवतां येतात, आणि तो विषय चोरीचा नसून आपल्या घरांतला आहे. २०२२ सालीं देशांत पति व सासरच्या मंडळींकडून छळ झाल्याचे १ लक्ष ४० हजार १९ गुन्हे नोंदले गेले. आतां दुसरें दफ्तर पाहा. मुंबईंतील देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या देखरेखीखालीं राष्ट्रीय कुटुंब स्वास्थ्य पाहणी होते. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या पांचव्या पाहणींत सहा लक्ष ३६ हजारांहून अधिक कुटुंबांस भेटी देण्यांत आल्या. १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकीं शेंकडा २९ जणींनीं पतीकडून केव्हां ना केव्हां छळ वा मारहाण सोसल्याचें सांगितलें. महाराष्ट्रांत हें प्रमाण साधारण चौथ्या हिश्शाचें आहे. ज्यांनीं असें सोसलें त्यांपैकीं मदत मागितली ती शेंकडा चौदांच्या आसपास. बहुतेकींनीं कोणाजवळ शब्दही काढला नाहीं, माहेरींही नाहीं. दीड लक्षाच्या आंतली एक संख्या आणि कोट्यवधींची दुसरी! पहिली वाचून 'आपल्या समाजांत असें फारसें होत नाहीं' म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि दुसरी वाचून 'हें शिकल्यासवरल्या घरांतलें नव्हे' म्हणणारेही भेटतात. पाहणीच्या तक्त्यांत शिक्षणाचा रकाना आहे. शिक्षण वाढतें तसें प्रमाण उतरतें हें खरें. पण बारा वर्षें व त्याहून अधिक शाळा झालेल्या स्त्रियांच्या ओळीसमोरही शून्य लिहिलेलें नाहीं.

ही माहिती गोळा कशी होते, तें एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आमच्या वाचकांनीं समजून घेण्यासारखें आहे. पाहणी करणारी बाई घरांतील एकाच स्त्रीस हे विशिष्ट प्रश्न विचारते. ती कोण, हें चिठ्ठीच्या न्यायानें ठरतें. घरांत तिघी जावा असल्या तरी एकीसच, म्हणजे बाकीच्यांस काय विचारलें याचा पत्ता लागत नाहीं. आणि प्रश्न विचारण्याआधीं पूर्ण एकांत हवा असतो. आपल्या घरीं पाहुणी आलेली बाई पाहून सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन येतात, दीर सहज डोकावतो, आजोबा ओटीवरून 'काय विचारतां, आम्हांला सांगा' म्हणतात. हेतु वाईट नसतो, आपल्याकडील रीतच तशी. पाहणी करणाऱ्यांस अशा वेळीं काय करावयाचें तें शिकविलेलें असतें. त्या विषय बदलतात, मुलांच्या लसींविषयीं विचारूं लागतात, थोडा वेळ वाट पाहतात. तरीही कोणी हललें नाहीं, तर तें प्रकरण न उघडतांच त्या निघून जातात, आणि त्या घरापुरता रकाना कोरा राहतो.